लेस्टरचं गवत

त्या साली डोंगरावरचं बर्फ वेळेआधीच वितळून वाहून गेलं आणि जुलै सरायच्या आत पाट कोरडा पडला. दादाराव मेश्रामच्या शेतात एरवी उन्हाळाभरात गवताच्या दोन कापण्या व्हायच्या, पाऊस बरा झाला तर तिसरीही. त्या साली एकच झाली, आणि तीही अशी की गठ्ठे बांधणाऱ्या बेलर यंत्राच्या मागून पडणारे गठ्ठे बघून त्याची बायको राधा म्हणाली, "हे गठ्ठे आहेत का उशा?" दादाराव हसला. दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच.

कोलोराडोतल्या त्या डोंगरी खोऱ्यात तो आला होता धरणाच्या कामावर, इंजिनिअर म्हणून. काम संपलं, ऑफिसला कुलूप लागलं आणि बाकीचे सगळे जिकडे नोकरी मिळेल तिकडे पांगले. हा एकटा मागे राहिला. जमीन घेतली, गाई घेतल्या, आणि चाळिशी उलटल्यावर ट्रॅक्टर चालवायला शिकला. कॉलेजातले दोस्त फोनवर म्हणत, दादाला खूळ लागलंय. पण नागपूरकडच्या ज्या खेड्यात तो जन्मला, तिथं त्याच्या घराला उभं राहण्यापुरतीही जमीन नव्हती. इथं कुंपणाच्या आत जे काही होतं ते त्याचं होतं. हे दोस्तांना समजावून सांगायच्या भानगडीत तो कधी पडला नाही.

सप्टेंबरात एल्क खाली उतरले. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ, पण अंगानं घोड्याएवढा. वर चारा नव्हता, म्हणून कळपच्या कळप शेतात येऊ लागले. सकाळी उठून बघावं तर गवताची गंजी एका अंगानं ढासळलेली, तार तुटलेली आणि खाल्लं त्याच्या दुप्पट गवत तुडवून, मुतून नासवलेलं. दादारावनं तार दुहेरी केली, डबे बांधले, जुने शर्ट टांगले. एल्कांनी एक शर्टही खाल्ला. राधा रोज गवत ओढायचा पंजा घेऊन बसायची आणि धान्य निवडावं तसं चांगलं गवत नासक्यातून निवडायची. कंबर धरून उठायची आणि गंजीकडे बघायची. गाईंना एप्रिलपर्यंत पुरायला हवं असलेलं गवत नाताळही बघेल असं वाटत नव्हतं. गाई विकाव्या तर सगळं खोरंच विकायला निघालेलं, त्यांना घेणार कोण?

गवत होतं ते फक्त लेस्टरकडे. टेकडीपलीकडचा हा म्हातारा एकटा राहायचा. त्याचे गुडघे गेले होते, पण कोठारात मागच्या वर्षीचं गवत छताला टेकलेलं होतं. तो ते विकत नसे. मनात आलं तर द्यायचा आणि नाही आलं तर कुजू द्यायचा. दादारावनं तो महिना त्याच्या कुंपणाचे खांब ठोकण्यात घालवला, हाताला फोड आले, फुटले, परत आले. शेवटी एका दुपारी लेस्टर म्हणाला की शिकारीचा हंगाम होऊ दे, मग गवताचं बघू. त्या रात्री राधानं गोड केलं होतं.

आणि नेमका त्याच आठवड्यात शिकागोजवळच्या शॉमबर्गहून चंद्रशेखरचा फोन आला.

चंद्रशेखर, राजीव आणि दादाराव युनिव्हर्सिटीत एका खोलीत राहिले होते. एकच कुकर आणि एकच जाड कोट, ज्याचा पेपर असेल त्यानं तो घालून जायचा. चंद्रशेखर पुण्याचा, राजीव मुंबईचा. दादारावला त्यांनी कधी परकं मानलं नव्हतं, आणि त्यालाही ह्या दोघांएवढं जवळचं माणूस त्या देशात दुसरं नव्हतं. आता चंद्रशेखर मोठ्या कंपनीत साहेब झाला होता. त्याच्या ऑफिसातले गोरे दरवर्षी एल्क मारायला जात आणि सोमवारी येऊन गप्पा ठोकत. यंदा आपणही जायचं आणि दिवाणखान्यात शिंगं लावायची, असं त्यानं ठरवलं होतं. राजीवलाही टेक्सासातल्या शुगर लँडहून बोलावून घेतलं होतं. दादा आहेच तिथं, हॉटेलचीसुद्धा गरज नाही.

दादारावला नाही म्हणवेना. एल्क दिवसा सगळे लेस्टरच्या वरच्या कुरणात असत, म्हणून तो परवानगी मागायला गेला. लेस्टरनं सांगितलं की पूर्वी बाहेरच्या शिकाऱ्यांनी तिथं एक नर मारला, शिंगांसाठी मुंडकं नेलं आणि बाकीचं धूड तसंच टाकलं. बर्फ पडेपर्यंत वास येत होता. तेव्हापासून फाटकाला कुलूप आहे.

"मांस खाली आलं पाहिजे," तो म्हणाला. "सगळं. तुझ्या शब्दावर सोडतोय."

गवताचं नाव त्यानं घेतलं नाही, दादारावनंही काढलं नाही. पण मांस वर राहिलं तर गवत कोठारात राहणार, हे दोघांनाही कळत होतं.

दोघं दोस्त आले ते नव्याकोऱ्या नारिंगी जाकिटात, रस्ता दुरुस्तीवाल्यांसारखे. चंद्रशेखरच्या बंदुकीवरचा भाव सांगणारा कागद अजून निघाला नव्हता. राधानं कोंबडीचा रस्सा केला, भाकरी थापल्या. ज्वारीचं पीठ दोघांनी येताना आणलं होतं. जेवणं झाली, जुन्या कोटाची गोष्ट निघाली आणि हसून हसून राजीवच्या डोळ्यांत पाणी आलं. दादाराव मनातून सुखावला होता. सगळा उन्हाळा घरात नवराबायकोचे दोनच आवाज होते.

सकाळी दादाराव गाईंच्या टाकीवरचं पातळ बर्फ फोडत असताना लेस्टरची गाडी अंगणात आली. लांबून दिसत होतं तेवढं त्यानं पाहिलं. लेस्टरनं आपल्या पोटावरून बोट खाली ओढून दाखवलं, कसं चिरायचं ते सांगत असावा. चंद्रशेखर हसला, म्हाताऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी बोलला. लेस्टरनं मान वळवून टाकीच्या दिशेनं पाहिलं, मान हलवली आणि गेला. दादाराव आल्यावर चंद्रशेखरनं सांगितलं की लेस्टर गुडघे तसे असूनही सोबत येऊन साफ करून द्यायला तयार होता, पण आपण नो नीड म्हटलं, उगाच म्हाताऱ्याला कशाला त्रास. तो मग गुरांच्या लिलावाला शहरात गेला.

दादारावला वाटलं, हे दोघं ऑफिसातल्या लोकांकडून शिकून आले असतील. त्यानं विचारलं नाही. राधानं मात्र नंतर आत विचारलं, "त्याला काहून परत पाठवला? यांना येते का ते?" दादाराव म्हणाला, येत असेल.

ते वर चढले. दिवस ऑक्टोबरचा असून घाम काढणारा होता. गवत पायाखाली कुरकुरत होतं, ॲस्पेनच्या झाडांची पिवळी पानं वारा नसताना गळत होती. राजीव दर वळणावर पाणी पीत होता. बाराच्या सुमारास घळीच्या पलीकडे कळप दिसला आणि चंद्रशेखर पालथा पडून नेम धरत राहिला, इतका वेळ की दादारावला वाटलं, ह्याला झोप लागली. मग बार झाला. कळप उधळला आणि एक थोरला नर चार पावलं चालून गुडघ्यावर बसला, जसं काही दमल्यामुळे बसला.

चंद्रशेखर लहान पोरासारखा ओरडत घळीत उतरला. फोटो झाले, शिंगं धरून, पाय ठेवून, तिघांचा मिळून एक. जनावर प्रचंड होतं. त्याचं अंग अजून गरम होतं, आणि माश्या कुठून आल्या कोण जाणे, डोळ्यांवर बसूही लागल्या होत्या. चंद्रशेखरनं पाठीवरच्या पिशवीतून नवा सुरा काढला आणि मूठ पुढे करून दादारावसमोर धरला.

"चल दादा, आता तुझी बॅटिंग."

दादारावनं सुरा घेतला नाही. "मला नाही येत हे."

"काय नाही येत?"

"फाडणं, सोलणं. तुम्ही शिकून आलात ना?"

चंद्रशेखरनं राजीवकडे पाहिलं. "आम्ही कुठून शिकणार यार? आम्ही तुझ्या भरवशावर आलोय." आणि मग, मनात काहीही वाकडं न ठेवता, एका कोटात दिवस काढलेल्या माणसानं म्हणावं तसं तो म्हणाला, "तुमच्यात तर हे सगळ्यांना येतंच की."

राजीव बुटाची नाडी बांधायला वाकला, ती सुटलेली नव्हती.

दादारावच्या कानशिलातून ऊन गेल्यासारखं झालं. त्याच्या बापानं, राजारामनं, तरुणपणी गावाची मेलेली गुरं ओढली होती. बैल मेला की पाटलाचा गडी वस्तीत न येता वेशीतूनच हाक मारायचा, आणि राजाराम दोर घेऊन निघायचा. बदल्यात खळ्यावर टोपलंभर ज्वारी. मग बाबासाहेबांनी सांगितलं की हे काम सोडा, आणि सगळ्या वस्तीनं एका दिवसात सोडलं. गावानं वाण्याचं दुकान बंद केलं, विहीर बंद केली, मजुरी बंद केली. दादाराव तेव्हा शाळेत होता. उपाशी झोपलेलं त्याला आठवत होतं. पण बापानं दोराला परत हात लावला नाही. घरात सुरीनं कोंबडीही कापू दिली नाही. मेलेल्या जनावराच्या आत काय असतं ते माझ्या पोराला कळता कामा नये, असं म्हणायचा. आणि खरोखरच पोराला कळलं नाही. पोर इंजिनिअर झालं. सुरा कुठून घालायचा हे त्याला माहीत नसणं, हीच त्याच्या बापाची आयुष्यभराची कमाई होती.

"माझ्या बापानं हे सोडलं," तो म्हणाला, "म्हणून मी तुमच्या खोलीत येऊ शकलो, चंदू."

चंद्रशेखरचा चेहरा उतरला. "सॉरी यार. मी त्या अर्थानं नाही म्हटलं."

"मग कोणत्या?"

चंद्रशेखरला खरंच वाईट वाटलं होतं, ते दिसत होतं, आणि त्याचा काहीएक उपयोग नव्हता. ऊन तापलं होतं. जनावराचं पोट हळूहळू फुगत होतं. राजीवनं मग जे सगळ्यांच्या मनात होतं ते बोलून टाकलं. मुंडकं तेवढं कापून घेऊ, शिंगं होतील, बाकी राहू दे. म्हाताऱ्याला सांगू, काही मिळालं नाही.

मुंडकं गाडीवर बांधून मिळालं नाही असं कसं सांगणार, हे विचारण्याचंही त्राण दादारावमध्ये नव्हतं. त्याला लेस्टरचं कोठार दिसत होतं, आणि पंजा घेऊन निवडत बसलेली राधा. हे दोघं परवा विमानात बसतील. वास त्याच्या घरावर येईल. लेस्टर काही म्हणणार नाही, नुसतं फाटक लावून घेईल, आणि फेब्रुवारीत गाई एकेक करून खाली बसतील. खाली बसलेली गाय उठत नाही. त्यांनाही ओढावं लागेलच कोणाला तरी.

त्यानं सुरा घेतला.

चंद्रशेखरनं मागचा पाय धरला. पहिली चीर घेतानाच सुरा खोल गेला, पोटाची पिशवी फाटली आणि हिरवं, आंबट, गरम पाणी भसकन बाहेर आलं. ते दादारावच्या कोपरापर्यंत उडालं, मांड्यांच्या मांसावरून वाहिलं. चंद्रशेखर पाय सोडून झुडपामागे गेला आणि ओकत राहिला. राजीवनं नाकावर रुमाल बांधून थोडा वेळ धीर धरला. मग तोही त्याच्या मागोमाग झुडपाकडे गेला. दादाराव एकटा खांद्यापर्यंत आत हात घालून जे हाताला लागेल ते ओढत राहिला. काय कापायचं, काय टाळायचं, काही कळत नव्हतं. केस मांसाला चिकटत होते, सुरा हाडावर घसरत होता. एकदा त्याच्याच तळव्यात गेला. रक्त कोणाचं ते ओळखू येईना. चामडं निघालं ते तुकड्यातुकड्यांत. त्याला बापाचा राग आला. आयुष्यात पहिल्यांदा आला. एवढं तरी शिकवून ठेवायचं होतंस, असं तो मनात म्हणाला, आणि म्हटल्याबरोबर त्याला रडू फुटलं. घामानं ते झाकलं गेलं.

खाली गाडीच्या वाटेपर्यंत अर्ध्या तासाचा उतार होता. चारही तंगड्या, बरगड्या, मान, सगळं ताडपत्रीत बांधून दोरानं ओढायचं होतं. पहिल्या खेपेला राजीव सोबत ओढायला लागला. खरं तर त्यानं जीव तोडून ओढलं, पण अर्ध्यात बसला तो उठेना. पुढच्या खेपा दादारावनं एकट्यानं केल्या. दोर खांद्यावरून छातीवर घेतला की ओझं बरं ओढलं जातं, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. चंद्रशेखर आणि राजीवनं मिळून मुंडकं आणलं, दोन्हीकडून शिंगं धरून, दर थोड्या वेळानं टेकवत. खाली पोचल्यावर चंद्रशेखर त्याच्याजवळ आला. "दादा," एवढंच म्हणाला. दादारावनं मान हलवली. दोस्त होता. त्याचं काय करायचं?

शेवटची खेप उतरली तेव्हा सूर्य कड्याआड गेला होता. राधा ट्रॅक्टर आणि ट्रॉली घेऊन फाटकाशी आली होती, इंजिन चालूच होतं, कारण बंद केलं की ते परत सुरू व्हायला नखरे करायचं. तिनं नवऱ्याला नखशिखांत पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. फाटकापाशी लेस्टरही उभा होता, शहरातून परतलेला, काठीवर रेलून.

तो ताडपत्रीजवळ आला. खाली वाकला, वास घेतला. मागची एक तंगडी बोटानं दाबून पाहिली. दोघं दोस्त गाडीच्या टपावर मुंडकं बांधत होते, त्यांचं इकडे लक्ष नव्हतं.

"ही कुत्र्यांना घाल," लेस्टर म्हणाला. "बाकीचं चालेल. पण सगळं आणलंस. मी इथून मोजत होतो." त्यानं दादारावच्या बरबटलेल्या हातांकडे आदरानं पाहिलं. त्या खोऱ्यात तसं कोणाकडे तो क्वचितच बघे. "उद्यापासून गवत न्यायला लाग. लागेल तेवढं ने."

दादारावनं फाटकाचा खांब धरला.

"तुझा मित्र सकाळी म्हणाला होता, काळजी करू नको," लेस्टर सांगत होता. "म्हणाला, ह्याच्या घराण्यात हेच काम, पिढ्यान्‌पिढ्या. मेलेलं जनावर गावात कुठंही असो, ह्याचेच लोक नेणार. मला ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं शेजारी राहिलो, तू बोलला नाहीस." मग त्यानं काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली, ऐंशीला टेकलेला माणूस मदत मागताना संकोचतो तसा. "वरच्या झऱ्यात माझी एक गाय मरून पडलीये. आठवडा झाला. पाणी नासतंय, ट्रॅक्टर तिथं जात नाही, आणि माझे गुडघे असे. गवताला येशील तेव्हा तेवढी ओढून काढशील का? पुढंही काही पडलं तर तुलाच सांगेन. गवताची मग तुला कधी चिंता नाही."

दादारावला पुष्कळ सांगायचं होतं. पण ते सांगायला एक गाव लागलं असतं, बंद झालेली विहीर लागली असती, आणि वीस वर्षं ह्या देशात राहूनही त्यासाठी पुरेसं इंग्रजी त्याच्याजवळ नव्हतं. म्हातारा वाट बघत होता. त्याच्या डोळ्यांत शेजाऱ्याचा भरवसा होता, दुसरं काही नव्हतं. निदान तुच्छता असती तर बरं झालं असतं.

"ऑलराइट," दादाराव म्हणाला.

लेस्टरनं त्याचा रक्ताळलेला हात हातात घेऊन घट्ट दाबला आणि लंगडत आपल्या गाडीकडे गेला. दादाराव ट्रॅक्टरजवळ आला. इंजिनाच्या आवाजात राधाला काही ऐकू आलं नव्हतं. तिनं वाकून विचारलं, "काय म्हणे तो?"

"गवत देतो म्हणाला. उद्यापासून."

राधानं डोळे मिटले. सप्टेंबरपासून पहिल्यांदाच तिचे खांदे खाली आले. "चांगला माणूस आहे," ती म्हणाली. "अजून काही म्हणे?"

"नाही."

ताडपत्री त्यानं ट्रॉलीत टाकली. दोर चिखलातून काढून गवतावर पुसला, नीट गुंडाळला आणि सीटखालच्या पेटीत ठेवला. सकाळी तो लागणार होता.